सरोवराकाठची नगरी : मिलवॉकी

अमेरिकेचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती उभ्या राहतात, नाही तर शिकागोचे कारखाने. या महानगरांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु एखाद्या कुटुंबाची राहणी कळावयाची असेल तर दिवाणखान्यापेक्षा स्वयंपाकघर व परसदार पाहावे. त्याचप्रमाणे एखाद्या देशाची राहणी कळावयाची असेल तर त्याची मध्यम आकाराची नगरे पाहावीत, असे आम्हांस वाटते. म्हणून या लेखात मिलवॉकी या नगरीचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे. २०२० सालच्या जनगणनेप्रमाणे तिची लोकसंख्या ५,७७,२२२ होती. या नगरीच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हापुन्हा उभा राहिलेला दिसतो. आपल्याला नको असलेले आपण ‘पलीकडे’ लोटून देतो. त्याचे पुढे काय होते? हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नव्हे. नदीकाठच्या आणि तळ्याकाठच्या प्रत्येक गावाचा तो प्रश्न आहे.

विद्यार्थ्यांनी प्रथम उत्तर अमेरिकेचा नकाशा उघडून पाहावा. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑन्टॅरिओ अशी पाच प्रचंड सरोवरे दिसतील. हिमयुगातील बर्फाच्या थरांनी जमीन खरवडून काढली, पुढे बर्फ वितळले आणि त्या खोलगट भागांत पाणी साठले. अशी त्यांची उत्पत्ती आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्याचा सुमारे एकपंचमांश साठा या पाच सरोवरांत आहे. यांपैकी मिशिगन हे एकच सरोवर संपूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत येते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर आहे. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे या एका सरोवरात पंधरा गोवे सहज मावतील! त्याची कमाल खोली २८१ मीटर आहे. तेथे लाटा उठतात, वादळे होतात, मोठमोठी जहाजे चालतात, आणि काठावर उभे राहिले तर पैलतीर दिसत नाही. समुद्राची सारी लक्षणे त्याच्या ठायी आहेत. फक्त पाणी तेवढे खारे नाही.

या सरोवराच्या पश्चिम तीरावर, शिकागोपासून उत्तरेस सुमारे १४५ किलोमीटरांवर, विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी वसले आहे. मिलवॉकी, मेनॉमनी आणि किनिकिनिक या तीन नद्या येथे एकत्र येऊन सरोवरास मिळतात. जानेवारीचे सरासरी तपमान शून्य अंशाच्याही खाली असते. उलट उन्हाळ्यात सरोवरावरून येणारा वारा इतका सुखद असतो की काठावरचा आणि आतला भाग यांच्या तपमानातील फरक सहज जाणवतो.

मिलवॉकी हे नाव तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आले आहे. कोणी त्याचा अर्थ ‘चांगली भूमी’ असा करतात, तर कोणी ‘पाण्याकाठी एकत्र जमण्याचे ठिकाण’ असा करतात. पॉटावाटोमी, मेनॉमिनी इत्यादी जमातींचे लोक येथे मासे धरीत आणि व्यापारासाठी जमत. १८३३ साली शिकागो येथे झालेल्या तहाने पॉटावाटोमी लोकांना आपली भूमी सोडून द्यावी लागली. मिलवॉकीच्या वैभवाची कथा सांगताना, ज्यांच्या भूमीवर ते उभे राहिले त्यांना आधी ‘पलीकडे’ जावे लागले, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

गोऱ्या वसाहतकारांनी येथे एक नव्हे, तर तीन गावे वसविली. नदीच्या पूर्वेस सॉलोमन जूनो या फ्रेंच-कॅनेडियन व्यापाऱ्याचे गाव, पश्चिमेस बायरन किलबोर्न याचे, आणि दक्षिणेस जॉर्ज वॉकर याचे. या तिघांत विलक्षण चुरस होती. किलबोर्नने आपल्या गावाचे रस्ते मुद्दाम अशा रीतीने आखले की ते पूर्वेकडील रस्त्यांच्या समोर येऊ नयेत. पलीकडच्या गावाशी आपल्याला काय करावयाचे आहे, ही त्यामागची भावना! नदीवर पूल बांधण्याची वेळ आली तेव्हा तो कोणी बांधावा, कोठे बांधावा आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, यावरून भांडणे झाली. अखेर १८४५ साली पश्चिमेकडील लोकांनी पुलाचा आपल्याकडचा भाग तोडून टाकला आणि पूर्वेकडील लोक खवळून उठले. त्यांनी एक तोफ आणून तिचे तोंड पैलतीराकडे वळविले होते, असे सांगतात. हा प्रसंग ‘पुलांचे युद्ध’ म्हणून प्रसिद्ध आहे. सुदैवाने त्यात कोणाचा प्राण गेला नाही. या भांडणात सर्वांचेच नुकसान आहे, हे तिन्ही गावांच्या ध्यानात आले आणि ३१ जानेवारी १८४६ रोजी ती एक होऊन मिलवॉकी शहराची स्थापना झाली. पहिला महापौर होण्याचा मान जूनो यास मिळाला. दोन्ही तीरांचे रस्ते मात्र समोरासमोर नव्हते ते नव्हतेच. त्यामुळे शहराच्या मध्यभागातील कित्येक पूल आजही नदीवर तिरपे बांधलेले दिसतात.

शहर एक झाल्यावर त्याची भरभराट झपाट्याने झाली. विस्कॉन्सिनच्या शेतांतील गहू या बंदरातून बाहेर जाऊ लागला आणि १८६० नंतरच्या काही वर्षांत जगात सर्वाधिक गहू जहाजांवर चढविणारे बंदर म्हणून त्याची ख्याती झाली. १८४८ च्या सुमारास युरोपातील राजकीय उलथापालथींमुळे जर्मन लोक मोठ्या संख्येने येथे आले. त्यांनी शाळा, गायनमंडळे, नाट्यगृहे आणि वृत्तपत्रे काढली. त्यावरून मिलवॉकीला ‘जर्मन अथेन्स’ असे नाव पडले. बिअर गाळण्याची विद्याही त्यांनी बरोबर आणली. बार्ली धान्य, गोडे पाणी आणि थंडीत नद्यांवर जमणारा बर्फ या तिन्ही गोष्टी हाताशी असल्याने पॅब्स्ट, श्लिट्झ, ब्लॅट्झ, मिलर यांचे कारखाने जगप्रसिद्ध झाले. त्यांच्या मागोमाग पोलंडमधून कष्टकरी लोक आले. शिकागोतील पाडलेल्या सरकारी टपाल-इमारतीचे दगड विकत आणून त्यांनी आपले भव्य सेंट जोसाफॅट चर्च उभारले. ते १९०१ साली पूर्ण झाले. यंत्रनिर्मितीतही शहर पुढे आले. हार्ले-डेव्हिडसन या मोटारसायकलींचा कारखाना १९०३ साली येथेच निघाला.

मिलवॉकीतील एका संशोधनाचे ऋण तर आपल्या प्रत्येक कचेरीवर आहे. ख्रिस्तोफर लॅथम शोल्स या गृहस्थाने आपल्या सहकाऱ्यांसह टंकलेखन यंत्र तयार केले आणि १८६८ साली त्याचे पेटंट मिळविले. पुढे रेमिंग्टन कंपनीने ते हक्क घेतले आणि १८७४ साली यंत्र बाजारात आणले. आज संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर इंग्रजी अक्षरे ज्या क्रमाने दिसतात, तो क्रम शोल्सच्या खटपटीतूनच आलेला आहे.

सरोवराने समृद्धी दिली, तसे दुःखही दिले. ८ सप्टेंबर १८६० च्या पहाटे ‘लेडी एल्गिन’ नावाचे उतारूंचे जहाज शिकागोहून मिलवॉकीकडे परत येत असता एका शिडाच्या जहाजाशी त्याची टक्कर झाली आणि सुमारे तीनशे माणसे बुडाली. त्यांत मिलवॉकीतील आयरिश वस्तीचे लोक फार होते. सरोवरावरील वादळांत दरवर्षी होणारी हानी पाहून इन्क्रीज लॅफम हा मिलवॉकीचा शास्त्रज्ञ अस्वस्थ झाला. हवेच्या नोंदी तारेने एकत्र केल्या तर वादळाची सूचना आधी देता येईल, हे त्याने सरकारला पटविण्याचा प्रयत्न केला. बुडालेल्या जहाजांची आणि मेलेल्या माणसांची यादीच त्याने पुढे ठेवली. १८७० साली तसा कायदा झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवरांवरील वादळाची पहिली सरकारी सूचना लॅफमनेच दिली. अमेरिकेच्या हवामान खात्याचा आरंभ असा झाला.

येथवर वाचून वाचकांस वाटेल की ही सारी उत्कर्षाचीच कथा आहे. परंतु याच काळात नगरीच्या पोटात एक रोग वाढत होता. १८७४ च्या सुमारास शहरात नळाचे पाणी आले. त्या वेळचा नॉर्थ पॉइंट येथील दगडी मनोरा आजही सरोवराकाठी उभा आहे. पाणी सरोवरातून घ्यावयाचे, आणि घरांचे मैलापाणी व कारखान्यांची घाण नदीत सोडावयाची, असा परिपाठ पडला. नद्या काळ्या पडल्या. उन्हाळ्यात दुर्गंधीने लोक हैराण होत. यावर १८८८ साली एक उपाय निघाला. सरोवराचे पाणी मोठ्या पंपाने ओढून, बोगद्यातून नदीत सोडून, घाण पुढे ढकलून द्यावयाची! यंत्र मोठे होते आणि नदीही काहीशी निवळली. परंतु घाण गेली कोठे? सरोवरात! आणि पिण्याचे पाणी येत होते कोठून? त्याच सरोवरातून! अंगण झाडून केर विहिरीत टाकण्यासारखाच हा प्रकार होता.

या प्रश्नाला हात घालणारी माणसे पुढे राजकारणात आली. १९१० साली एमिल सायडेल हा समाजवादी पक्षाचा पुढारी महापौर झाला. अमेरिकेतील एखाद्या मोठ्या शहराचा तो पहिला समाजवादी महापौर होय. पुढे डॅनियल होन याने १९१६ ते १९४० अशी चोवीस वर्षे, आणि फ्रँक झाइडलर याने १९४८ ते १९६० अशी बारा वर्षे ते पद भूषविले. हे लोक क्रांतीची भाषणे करण्याऐवजी गटारे, नळ, बागा आणि दवाखाने यांचीच चर्चा करीत. म्हणून त्यांच्याच पक्षातील इतरांनी त्यांना ‘गटारी समाजवादी’ असे उपहासाने म्हटले. मिलवॉकीकरांनी त्या नावाचाच अभिमान बाळगला! त्यांची सर्व मते प्रत्येकास पटतील असे नाही. परंतु स्वच्छ कारभाराविषयी त्यांची ख्याती होती, हे विरोधकही मान्य करीत.

१९२५ साली जोन्स आयलंड या जागी मैलापाणी शुद्ध करण्याचे मोठे केंद्र सुरू झाले. त्याची पद्धत विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. मैलापाण्यात सतत हवा खेळविली की त्यातील सूक्ष्म जंतू जोमाने वाढतात आणि घाणीवरच आपला निर्वाह करतात. नंतर पाणी स्थिर ठेवले म्हणजे हे जंतू गाळाच्या रूपाने तळाशी बसतात आणि वरचे निवळ पाणी सोडून देता येते. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९१४ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली होती; मिलवॉकीने ती फार मोठ्या प्रमाणावर अमलात आणली. उरलेल्या गाळाचे काय करावयाचे? तो उष्णतेने वाळवून त्याचे खत करण्यात आले. १९२६ पासून हे खत ‘मिलॉर्गनाइट’ या नावाने विकले जात असून अमेरिकेतील हिरवळीच्या मैदानांवर ते आजही वापरले जाते. आपल्या शेतकऱ्याला सोनखताचे महत्त्व पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तीच गोष्ट या नगरीने यंत्राच्या साहाय्याने साधली.

परंतु येथेही एक किंमत द्यावी लागली. जोन्स आयलंडवर पोलंडच्या किनाऱ्याकडून आलेल्या काशुबी लोकांची कोळीवाडी होती. बंदर आणि हे केंद्र यांसाठी शहराने ती जागा घेतली आणि १९४० नंतरच्या काही वर्षांत शेवटचे कोळी कुटुंबही तेथून उठले. आज तेथे त्यांच्या नावाची एक चिमुकली बाग तेवढी आहे. सार्वजनिक हिताचे काम चांगलेच. पण त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडला, हे विचारणे नागरिकाचे कर्तव्य आहे.

याच सुमारास चार्ल्स व्हिटनॉल याने नद्यांच्या आणि सरोवराच्या काठाने सार्वजनिक उद्यानांची माळ गुंफण्याची योजना आखली. सरोवराचा पुष्कळसा काठ खासगी मालकीत न जाता लोकांसाठी मोकळा राहिला. श्रीमंत असो वा गरीब, उन्हाळ्याच्या संध्याकाळी कोणीही तेथे जाऊन बसू शकतो. २००१ साली सान्तियागो कालात्रावा या स्पॅनिश वास्तुशिल्पज्ञाने कलासंग्रहालयाची नवी इमारत याच काठावर उभी केली. पक्ष्याच्या पंखांप्रमाणे उघडणारे आणि मिटणारे तिचे प्रचंड छत्र पाहण्यास लोक दुरून येतात.

पाण्याचा काठ सर्वांचा झाला. परंतु राहण्याची घरे सर्वांना खुली नव्हती. मेनॉमनी नदीच्या खोऱ्याच्या उत्तरेस कृष्णवर्णीय लोक एकवटलेले, तर दक्षिणेस गोऱ्यांची, विशेषतः पोलिश लोकांची वस्ती. कृष्णवर्णीयांना हवे तेथे घर मिळत नसे. नगरसभेतील पहिल्या स्त्री-सदस्य आणि पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य व्हेल फिलिप्स यांनी १९६२ पासून हा भेद दूर करणारा नियम चार वेळा मांडला. चारही वेळा त्याच्या बाजूने मत पडले ते त्यांचे एकटीचे! ऑगस्ट १९६७ मध्ये तरुण मुलामुलींनी फादर जेम्स ग्रोपी यांच्यासह खोऱ्यावरील पूल ओलांडून दक्षिणेकडे मोर्चा नेला. तेथे त्यांच्यावर दगड आणि बाटल्यांचा वर्षाव झाला. तरीही ते कडाक्याच्या थंडीत लागोपाठ दोनशे दिवस मोर्चे काढीत राहिले. एप्रिल १९६८ मध्ये सबंध देशासाठी तसा कायदा झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मिलवॉकीच्या नगरसभेनेही नियम संमत केला. त्या पुलाला आता ग्रोपी यांचे नाव दिलेले आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या नगरीत पूल तोडला गेला होता, तेथेच मुलांनी पुलावरून चालत जाऊन न्याय मागितला. वस्त्यांतील अंतर मात्र आजही पूर्णपणे मिटलेले नाही.

आता पुन्हा पाण्याकडे वळू. शुद्धीकरण केंद्र झाले, तरी जुन्या भागात पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकाच गटारातून वाहत असे. मोठा पाऊस झाला की गटारे भरून वाहत आणि घाण तशीच सरोवरात जाई. शेजारच्या इलिनॉय राज्याने मिलवॉकीविरुद्ध तक्रार केली आणि १९७२ साली ती देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. न्यायालये आणि नवे कायदे यांच्या दडपणाने शेवटी जमिनीखाली सुमारे ३०० फूट खोल प्रचंड बोगदे खोदण्यात आले. पावसाचे जादा पाणी त्यांत साठवावयाचे आणि सवडीने शुद्ध करावयाचे, अशी योजना होती. १९९४ पासून ते कामाला लागले. पूर्वी वर्षाकाठी पन्नास-साठ वेळा घाण वाहून जात असे. ते प्रमाण दोन-तीन वेळांवर आले.

परंतु बोगदे कामाला लागण्यापूर्वीच संकट कोसळले. १९९३ च्या वसंत ऋतूत, पाऊस आणि वितळलेला बर्फ यांमुळे सरोवराचे पाणी गढूळ झाले असता, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी जीव दक्षिणेकडील जलशुद्धीकरण केंद्रातून पार होऊन नळांत शिरला. क्लोरिनने तो मरत नाही. शाळा, कचेऱ्या, इस्पितळे सर्वत्र अतिसाराने लोक बेजार झाले. ७ एप्रिल रोजी पाणी उकळून पिण्याची सूचना निघाली. नंतरच्या अभ्यासाप्रमाणे सुमारे ४,०३,००० लोक आजारी पडले आणि साठांहून अधिक दगावले. त्यांत आधीच दुर्धर आजाराने क्षीण झालेलेच बहुतेक होते. आरंभी गुरांच्या शेणावर संशय होता. परंतु पुढील तपासणीत तो जीव मनुष्यांत वाढणाऱ्या जातीचा आढळला. म्हणजे माणसांचेच मैलापाणी माणसांच्या पेल्यात परत आले होते! या धड्यानंतर शहराने ओझोन वायूने पाणी शुद्ध करण्याची सोय केली आणि पाणी ओढणाऱ्या नळाचे तोंड सरोवरात आणखी दूर नेले.

मिलवॉकीच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर एक जलविभाजक रेषा आहे. तिच्या अलीकडे पडलेला पाऊस मिशिगन सरोवरात येतो, तर पलीकडचा पाऊस मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातास जातो. बेळगाव-खानापूरकडील वाचकांना हे सहज कळेल. आपल्या सह्याद्रीवरही एक सर म्हादईतून अरबी समुद्राला, तर दुसरी मलप्रभेतून कृष्णेला आणि बंगालच्या उपसागराला जाते. वॉकेशा हे गाव त्या रेषेपलीकडे आहे. तेथील विहिरींच्या पाण्यात रेडियम हे आरोग्यास घातक द्रव्य आढळले, म्हणून त्याने सरोवराचे पाणी मागितले. २००८ साली सरोवरांभोवतीच्या आठ राज्यांचा करार अमलात आला होता. त्याप्रमाणे सरोवराचे पाणी खोऱ्याबाहेर नेण्यास सहसा परवानगी नाही. पुष्कळ विचारानंतर ती मिळाली. मात्र वापरलेले पाणी शुद्ध करून सरोवराच्या खोऱ्यात परत सोडले पाहिजे, या अटीवर. २०२३ पासून मिलवॉकी हे पाणी वॉकेशास पुरवीत आहे आणि ते नदीवाटे परत येत आहे. पाण्यावरून राज्याराज्यांत तंटे आपल्याकडेही आहेत. ‘घ्या, पण परत करा’ ही अट म्हणून विचार करण्याजोगी वाटते.

आज मिलवॉकीची स्थिती संमिश्र आहे. १९६० साली ७,४१,३२४ असलेली लोकसंख्या पुढे घटली. अनेक जुने कारखाने बंद पडले. हजारो जुन्या घरांच्या जोडनळ्या शिशाच्या असून त्या बदलण्याचे काम चालू आहे. उलट, १९९७ साली नदीवरील एक जुना बांध काढल्यावर मासे परत येऊ लागले. तेथील विद्यापीठात गोड्या पाण्याच्या अभ्यासासाठी स्वतंत्र शाखाच आहे. ज्या पाण्याची नगरीने एके काळी हेळसांड केली, तेच आता तिच्या अभ्यासाचा विषय झाले आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या गावातील गटार कोठे जाते आणि आपल्या नळाचे पाणी कोठून येते, हे आपणांपैकी कितीजण सांगू शकतील? येत्या सुटीत नकाशा घेऊन या दोन वाटा शोधून काढाव्यात, असे आम्ही सुचवितो. त्या दोन्ही कोठे तरी एकमेकींना भेटतात काय, हे मात्र अवश्य पाहावे.